वसईतील पास्काचे तीन दिवस : एका मराठी उपासनेचे परीक्षण

वसई धर्मप्रांतातील कॅथलिक चर्चमध्ये पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, तीन दिवसांत पवित्र गुरुवारच्या संध्याकाळपासून शनिवारी पुनरुत्थानाच्या रात्रीपर्यंत जी उपासना चालते, तिच्याइतकी समृद्ध ख्रिस्ती उपासना मराठीत दुसरी नसावी, असे माझे मत आहे. हे मत केवळ कौतुकाचे राहू नये म्हणून तिच्यात उत्तम काय आहे, खटकते काय आणि बाहेरून येणाऱ्याने कोणती अपेक्षा धरून यावे, हे येथे सविस्तर मांडत आहे. परीक्षणाचा निकष एकच ठेवला आहे. या तीन दिवसांच्या विधींचा विषय येशू ख्रिस्ताचे दुःखसहन, मरण आणि पुनरुत्थान एवढाच असतो. तेव्हा उपासनेला बसलेल्या माणसाचे चित्त ख्रिस्ताकडे किती वेळ लागून राहते आणि ते कशामुळे ढळते, हे पाहायचे. गायन किती गोड झाले, वेदीची सजावट कशी होती, प्रवचनकार किती नामांकित होते, या गोष्टी त्यानंतरच्या. येथे दाखवलेले दोष एकाच ठिकाणचे नाहीत आणि थोड्याफार फरकाने ते अनेक धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या समाजांत, आढळतात, म्हणून कोणत्याही चर्चचे नाव घेतलेले नाही.

ही उपासना मराठीत इतकी सहज का वाटते, हे समजण्यासाठी थोडा इतिहास लागतो. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती आणि येथील ख्रिस्ती समाज त्या काळात घडला. सत्ता गेली, तरी समाज राहिला आणि तो मराठी राहिला. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा त्याच्या शाखांनी घरात आपापल्या बोली जपल्या आणि शाळेत, सभेत, लेखनात मराठी स्वीकारली. मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या अर्पणाची मुख्य उपासना, मात्र पिढ्यान्‌पिढ्या लॅटिनमध्येच होत असे. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि त्यानंतर लोकभाषेला वेदीपर्यंत जाण्याची वाट मोकळी झाली. विधींची मराठी अशा रीतीने जेमतेम साठ वर्षांची आहे. मराठीतली ख्रिस्तकथा त्याहून कितीतरी जुनी. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले आणि तिकडच्या चर्चमध्ये ते भाविकांसमोर वाचले जाई. दुःखसहनाची कथा मराठी कानाला परकी न वाटण्यामागे एवढी मोठी परंपरा उभी आहे.

गुरुवारच्या विधीविषयी थोडक्यात लिहिले तरी चालेल, कारण तो बहुतेक ठिकाणी चांगलाच पार पडतो. अखेरच्या भोजनाची ही मिस्सा. महिमास्तोत्र सुरू होताच सगळ्या घंटा वाजतात आणि मग थेट पुनरुत्थानाच्या रात्रीपर्यंत मुक्या होतात. मधल्या काळात लाकडी खुळखुळा वापरला जातो. वसईत घंटांचे हे मौन थोडे निराळे लागते. चिमाजी अप्पांच्या विजयानंतर येथल्या चर्चच्या अनेक घंटा देशावर गेल्या आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरात किंवा भीमाशंकरला त्या आजही पाहायला मिळतात, हे ठाऊक असलेल्या माणसाच्या मनात त्या शांततेत नको तितके विचार येतात. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून धर्मगुरू काही जणांचे पाय धुतात. या विधीत पूर्वी केवळ पुरुषांचा समावेश असे. पोप फ्रान्सिस यांच्या काळात, जानेवारी २०१६ च्या निर्णयाने, स्त्रियांनाही त्यात घेण्याची मुभा मिळाली. जेथे वृद्ध शेतकरी, शाळकरी मुलगी, परिचारिका, कोळीण असे निरनिराळे लोक त्या बाकावर बसलेले दिसतात, तेथे योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील या प्रसंगाचे स्पष्टीकरण वेगळे द्यावे लागत नाही. जेथे मात्र समित्यांचे पदाधिकारी ओळीने बसवले जातात, तेथे तोच विधी सत्कार समारंभासारखा दिसू लागतो. मिस्सा संपल्यावर पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानून मिस्सेत अर्पिलेली भाकर, मिरवणुकीने बाजूच्या वेदीकडे नेले जाते, मुख्य वेदीवरचे वस्त्र काढले जाते आणि लोक मध्यरात्रीपर्यंत आळीपाळीने आराधनेला बसतात. या आराधनेत सूत्रसंचालन जितके कमी, तितके बरे. ‘येशूने विचारले, एक तासही तुम्ही माझ्याबरोबर जागे राहू शकला नाहीत काय’ एवढे वाक्य वाचून जेथे ध्वनिक्षेपक बंद केला जातो, तेथे लोक खरोखरच तासन्‌तास गुडघ्यांवर राहतात. जेथे कागदावर लिहून आणलेल्या प्रार्थना एकामागून एक वाचल्या जातात, तेथे माणसे आपापला तास संपण्याची वाट पाहतात.

या तीन दिवसांचा गाभा शुक्रवारी आहे, आणि परीक्षकाने आपला वेळ शुक्रवारलाच द्यावा.

शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मिस्सा होत नाही. वर्षभरात या एकाच दिवशी चर्चमधली उपासना प्रवेशगीताशिवाय, अभिवादनाशिवाय आणि घंटेशिवाय सुरू होते. तांबड्या पोशाखातले धर्मगुरू निःशब्द आत येतात आणि उघड्या वेदीसमोर जमिनीवर पालथे पडतात. लोक गुडघे टेकतात. विधीतला सर्वांत परिणामकारक क्षण हाच असून त्यासाठी काहीही करावे लागत नाही, फक्त काही न करण्याचे धैर्य लागते. मी पाहिलेल्या एका ठिकाणी नेमक्या या क्षणी निवेदकाने ‘आता धर्मगुरू साष्टांग नमन करीत आहेत, आपणही अंतःकरणाने लीन होऊ या’ असे सांगितले आणि ते मौन जागच्या जागी संपले. समोर दिसणारी गोष्ट शब्दांत सांगण्याची ही सवय आपल्याकडच्या सगळ्याच कार्यक्रमांना लागलेली आहे. शुक्रवारी ती अधिक बोचते, इतकेच.

त्यानंतर यशयाच्या ग्रंथातले दुःखी सेवकाचे गीत, इब्री लोकांस पत्रातला उतारा आणि मग योहानकृत शुभवर्तमानातील अठरावा व एकोणिसावा अध्याय. हे दोन अध्याय तिघांत वाटून वाचले किंवा गायले जातात: एक निवेदक, एक ख्रिस्ताचे शब्द उच्चारणारा, एक बाकीच्या सर्वांचे. वसईतल्या वाचकांचा दर्जा एकंदरीत फार चांगला आहे. मराठी माध्यमातून शिकलेली पिढी येथे अजून वाचनाला उभी राहते. तिचे उच्चार स्वच्छ असतात आणि वाक्य कोठे तोडायचे, हे तिला कळते. पिलाताचा ‘सत्य काय आहे?’ हा प्रश्न नाटकी आवाज न काढता, जवळजवळ कंटाळलेल्या सुरात वाचणारे एक गृहस्थ मी ऐकले आहेत. तो प्रश्न असाच विचारला गेला असावा, असे तेव्हा वाटले. येशूने प्राण सोडल्याचे वाक्य आल्यावर वाचन थांबते आणि सगळे चर्च गुडघ्यांवर येते. बाके सरकण्याचा आवाज, मग काहीच नाही. तरुण पिढीतले वाचक वाढतील तसा एक धोका मात्र दिसतो. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना देवनागरी वाचताना अडखळायला होते, आणि त्यांना आदल्या दिवशी हातात कागद देऊन उभे करणे त्यांच्यावरही अन्याय आहे आणि ऐकणाऱ्यांवरही. तालमीला दोन आठवडे दिले, तर हा प्रश्न सुटण्यासारखा आहे.

दहा विश्वप्रार्थनांविषयी बाहेरच्या माणसाला विशेष कुतूहल वाटेल. चर्चसाठी, पोपसाठी, धर्मगुरू आणि सर्व श्रद्धावंतांसाठी, बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या दीक्षार्थींसाठी, ख्रिस्ती ऐक्यासाठी, यहुदी लोकांसाठी, ख्रिस्तावर विश्वास नसलेल्यांसाठी, देवावर विश्वास नसलेल्यांसाठी, राज्यकर्त्यांसाठी आणि संकटग्रस्तांसाठी अशा त्या क्रमाने येतात. यहुदी लोकांसाठीच्या प्रार्थनेतला एक अपमानकारक शब्द पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये वगळायला लावला आणि नंतरच्या सुधारणेत ती प्रार्थना पूर्णपणे नव्याने लिहिली गेली. प्रत्येक प्रार्थनेआधी हेतू सांगायचा, मग क्षणभर मौन, मग प्रार्थना, अशी मूळ रचना आहे. वेळ वाचवण्यासाठी सर्वांत आधी कात्री लागते ती या मौनावर, आणि मौन गेले की दहा प्रार्थना ही दहा कलमांची यादी होऊन बसते. ज्या शेजाऱ्यांसोबत आपण वर्षभर राहतो, त्यांच्यासाठी चर्च आज कोणत्या शब्दांत प्रार्थना करते, हे ऐकण्यासाठी तरी अख्रिस्ती वाचकाने एकदा या उपासनेला बसावे.

यानंतर क्रूस-वंदन. झाकलेला क्रूस टप्प्याटप्प्याने उघडला जातो, त्यावर जगाचे तारण टांगले गेले अशी घोषणा तीनदा होते, आणि लोक वंदनासाठी पुढे येऊ लागतात. लाल लुगड्यातल्या सामवेदी आजीबाई, अंगावर साधे पांढरे कपडे घातलेले पुरुष, कडेवर मूल घेतलेल्या आया, पायात चप्पल न घालता आलेली तरुण मुले. प्रत्येक जण वाकतो, क्रुसाच्या पायांना ओठ किंवा कपाळ लावतो आणि बाजूला होतो. येथे कोणी कोणाला काही सांगत नाही. या तीन दिवसांत ज्या एका गोष्टीसाठी मी पुन्हा येईन, ती ही. विधीच्या नियमावलीत या ठिकाणी एक बारीक, पण शहाणपणाची सूचना आहे: वंदनासाठी क्रूस एकच असावा, गर्दी फार असेल आणि सर्वांना पुढे येणे शक्य नसेल, तर धर्मगुरूंनी तोच क्रूस उंच धरावा आणि सर्वांनी जागेवरून मूकपणे वंदन करावे. हजारोंच्या गर्दीपुढे अनेक ठिकाणी तीन-चार क्रूस घेऊन तीन-चार रांगा केल्या जातात. व्यवस्थेच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. परंतु चार रांगा म्हटल्या की कोणती लवकर सरकते, याकडे लक्ष जाते, स्वयंसेवकांच्या सूचना वाढतात आणि एका क्रुसाभोवती सगळा गाव गोळा होण्यातला अर्थ हातून निसटतो. रांग लांबली तर लांबू द्यावी, असे मला वाटते. शुक्रवारी संध्याकाळी कोणाला कोठे पोहोचायचे असते?

शेवटी आदल्या दिवशी राखून ठेवलेला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे तीच अर्पिलेली भाकर, वाटला जातो, एक प्रार्थना होते आणि लोक समारोपाच्या गीताशिवाय पांगतात. बाहेर पडतानाची ती शांतता फाटकापर्यंत टिकते, तेथे मोटारसायकली सुरू होतात.

शुक्रवारी सकाळी अनेक ठिकाणी ‘जिवंत’ क्रुसाची वाटही काढली जाते, म्हणजे चौदा स्थाने कलाकारांकरवी रस्त्यावर उभी केली जातात. मुले ती आवडीने पाहतात आणि तिच्यामागे तरुणांची महिनाभराची मेहनत असते, हे मान्य करूनही मला ती दुपारच्या उपासनेच्या मानाने फिकी वाटते. चाबकाचा आवाज, लाल रंग, शिपायांचे ओरडणे आणि चहूबाजूंनी उंचावलेले मोबाईल यांच्यात पाहणारा प्रेक्षक होऊन जातो. पुण्या-नगरकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत बारा ते तीन या वेळात क्रुसावरील सात वचनांवर जी उपासना होते, ती याच्या अगदी उलट, ऐकण्यावर उभी असते, रेव्हरंड ना. वा. टिळकांसारख्यांची भजने आणि त्यांच्या मधून मधून मनने, एवढाच तिचा साज. वसईच्या सकाळच्या कार्यक्रमाने तिच्याकडून थोडे घेतले, तर दोन्ही परंपरांना ते शोभेल.

शनिवारच्या रात्रीचे पास्का जागरण हा वर्षातला सर्वांत मोठा विधी, आणि येथेच माझी तक्रार सर्वांत मोठी आहे. अनेक शतके हा विधी शनिवारी सकाळीच उरकला जात असे. पोप बाराव्या पायस यांनी १९५१ मध्ये तो प्रायोगिक स्वरूपात रात्रीवर आणला आणि १९५५ च्या सुधारणेने ती वेळ कायम झाली. अंधार पडल्याशिवाय सुरू करू नये आणि पहाटेपूर्वी संपवावा, असा नियम आहे. चर्चबाहेर नवा अग्नी पेटवला जातो. पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवर क्रूस, ग्रीक वर्णमालेतले पहिले आणि शेवटचे अक्षर व चालू वर्षाचे आकडे कोरले जातात, धुपाचे पाच खडे बसवले जातात. मग अंधारलेल्या चर्चमध्ये ती मेणबत्ती नेताना ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ ही आरोळी तीनदा उठते आणि हातोहात ज्योत पसरत जाते. वसईत हा भाग फार देखणा होतो. नारळी-केळीच्या वाड्यांमधला काळोख अजून काही ठिकाणी खरा काळोख आहे. दुर्दैवाने ज्योत शेवटच्या बाकापर्यंत पोहोचण्याआधीच चित्रीकरणासाठी प्रखर दिवे लावण्याची प्रथा रुजली आहे. पुनरुत्थानाच्या घोषणागीतात या रात्रीचे आणि मधमाश्यांनी तयार केलेल्या मेणाचे स्तवन आहे. ते एलईडीच्या झगझगाटात ऐकताना गायकाची कीव येते.

खरी तक्रार वाचनांची आहे. या रात्री जुन्या करारातली सात वाचने ठेवलेली आहेत: सृष्टीची उत्पत्ती, अब्राहामाने इसहाकाला अर्पिणे, तांबड्या समुद्रातून सुटका आणि संदेष्ट्यांच्या ग्रंथांतील चार उतारे. गरज पडल्यास ती कमी करण्याची परवानगी आहे, पण समुद्र ओलांडण्याचे वाचन कधीही वगळता येत नाही. अपवादासाठी दिलेली ही परवानगी आता नियमासारखी वापरली जाते आणि बहुतेक ठिकाणी तीन वाचनांवर काम भागवले जाते. जो समाज लग्नाच्या आदल्या रात्री पहाटेपर्यंत जागतो, त्याला वर्षातून एका रात्री तासभर अधिक बसवणार नाही, ही सबब मला पटत नाही. वाचने तोडल्यावर वाचलेला वेळ जातो कोठे, हेही पाहण्यासारखे आहे: शेवटच्या आभारप्रदर्शनात. देणगीदार, मंडपवाले, ध्वनिव्यवस्था, फुलांची सजावट या सगळ्यांचे ऋण मानण्यात जितकी मिनिटे जातात, तेवढ्यात यशया आणि यहेज्केल सहज वाचून झाले असते. ज्या थोड्या ठिकाणी सातही वाचने होतात, तेथे महिमास्तोत्राला घंटा पुन्हा वाजू लागतात तेव्हा त्यांची वाट पाहिलेली असते, आणि तीन वेळा चढत्या सुरात येणारा ‘हालेलुया’ कंठातून आपोआप निघतो. त्यापाठोपाठ बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण होते, पवित्र पाणी शिंपडले जाते आणि लहान मुलांची झोप उडते.

गायनाबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. वसईत गायकवृंदांची परंपरा दांडगी आहे आणि हार्मोनियम-तबल्यावरची मराठी भक्तिगीते येथे घरोघरी पाठ असतात. ज्या गीताला सगळे चर्च तोंड उघडते, ते गीत शास्त्रीय कसोटीवर साधे असले तरी या दिवसांत श्रेष्ठ ठरते. गेल्या काही वर्षांत कीबोर्डवरच्या तयार तालांचा आणि मोठ्या आवाजाचा जोर वाढला आहे. दर वर्षी नवी गीते बसवण्याची चढाओढ लागते आणि लोक ऐकत उभे राहतात. शुक्रवारी तर वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरतीच असावीत, अशी स्पष्ट सूचना आहे. एका वर्षी वीज गेल्यामुळे क्रूस-वंदनाची गीते वाद्यांविना म्हणावी लागली. मागच्या बाकांवरच्या बायकांनी सूर उचलला आणि तो शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. मला त्या वर्षीचे गायन सर्वांत चांगले वाटले, आणि हे मी वीज मंडळाचे आभार मानण्यासाठी लिहीत नाही.

प्रवचनांचा दर्जा असमान आहे. वसईतल्या धर्मगुरूंचे मराठी चांगले असते आणि ज्ञानेश्वर-तुकारामांचे संदर्भ ते सहज देतात. ही येथील जमेची बाजू. शुक्रवारचे प्रवचन नियमानुसार संक्षिप्त असावे. दोन अध्यायांचे दुःखसहन नुकतेच ऐकलेल्या माणसाला पाऊण तासाचे विवेचन नको असते, आणि त्यात स्थानिक राजकारणावरची टीका आली, ती कितीही रास्त असली, तरी ख्रिस्तावरून लक्ष उडते.

बाहेरून येणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. उपासना कोणालाही खुली असते, कोणी धर्म विचारत नाही. ख्रिस्तप्रसाद मात्र कॅथलिक बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच असतो. इतरांनी त्या वेळी जागेवर बसून राहावे, त्यात अवघडण्यासारखे काही नाही. शुक्रवारची उपासना साधारण दुपारी तीनच्या सुमारास असते, कारण शुभवर्तमानांनुसार येशूच्या मरणाची ती वेळ. उन्हामुळे काही ठिकाणी ती उशिरा ठेवतात, म्हणून आधी चौकशी करून जावे. मार्च-एप्रिलचा उकाडा, मंडपातली प्लास्टिकची खुर्ची आणि दोन-अडीच तासांची बैठक यांची तयारी हवी. पाण्याची बाटली जवळ ठेवावी, फोन घरी ठेवता आला तर उत्तम. बसायला आत जागा हवी असेल, तर तासभर आधी पोहोचावे. मंडपात पडद्यावर पाहणे आणि चर्चमध्ये बसणे यांत फार फरक पडतो. तिन्ही दिवस येणे शक्य नसेल, तर शुक्रवार निवडावा. शनिवारी येणार असाल, तर सातही वाचने होणारे धर्मग्राम कोणते, हे तेथल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला विचारून ठेवावे आणि मुंबईकडे परतायचे असल्यास शेवटच्या लोकलची वेळ पाहून ठेवावी, कारण विधी संपल्यावर चर्चच्या आवारात भेटीगाठी आणि खाणेपिणे बराच वेळ चालते आणि तेथून लवकर निघू देत नाहीत.